तक्रारदार स्वतः हजर

रूपालीने कागद पुढे धरला तेव्हा सावळीराम विधाते झेंडूला पाणी देत होते. हात चिखलाचे, म्हणून त्यांनी कागद घेतला नाही, लांबूनच पाहिला. कागद इंग्रजी होता, रंगीत होता आणि वर एका स्कूटीचं चित्र होतं.

"काय हे?"

"नाना, मला स्कूटी लागली. बक्षीस."

"कोणाची स्कूटी?"

"माझीच. अगरबत्तीवाल्यांनी दिली."

सावळीरामांनी आधी पाटाचा नाका बंद केला, वाफा फुटू नये म्हणून. मग बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हकीकत साधी होती. केतकीबन अगरबत्तीच्या पुड्यात आतल्या बाजूला एक नंबर छापलेला असे. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकायचा आणि 'मला केतकीबन आवडते, कारण' हे वाक्य पुरं करायचं. रूपाली बारावीचा निकाल बघायला गंगापूर नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेली होती. निकाल उघडेना, तासाचे पैसे तर भरलेले, म्हणून तिने तेवढ्या वेळात वाक्य पुरं केलं: 'कारण आम्ही फुलं पिकवतो, तरी देवघरात वास हिचाच येतो.' गुणपत्रकाची प्रत काढायला पुन्हा कॅफेत गेली, तेव्हा ईमेल येऊन पडला होता. पहिलं बक्षीस. गाडी तीस दिवसांत घरपोच.

हे दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातलं. विधात्यांचा मळा गिरणारे रस्त्याला, आणि त्या उन्हाळ्यात त्या मळ्यात एकच विषय चालू होता: रूपालीचं कॉलेज. सावळीराम शिक्षणाच्या विरोधात मुळीच नव्हते. ते कशाच्याच विरोधात नसत, फक्त अट घालत. त्यांची अट अशी की, रोज नाशिकला जायचं तर पोरीकडे स्वतःची गाडी पाहिजे. सकाळची बस भरून येते, संध्याकाळची उशिरा येते, आणि फाट्यापासून मळा पंधरा मिनिटं आत. "एकटी पोरगी कशी येणार-जाणार?" हा त्यांचा प्रश्न. आणि त्या वर्षी विहिरीची मोटर जळाल्यामुळे गाडी घेणं शक्य नव्हतं. अट बिनतोड होती. आता गाडीच चालून आली म्हटल्यावर रूपालीला वाटलं, आपलं कॉलेज पक्कं.

"गाडी आली की जा," सावळीराम म्हणाले. "मी शब्द मोडणाऱ्यातला नाय."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शेजारच्या मळ्यात भिकन राहत होता.

भिकन हा उगवता कार्यकर्ता. विकास सोसायटीची निवडणूक दिवाळीनंतर होती आणि त्याला संचालक व्हायचं होतं. गावात कुणाची म्हैस व्याली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लावायची त्याची तयारी असे. स्कूटीचं ऐकताच तो आला आणि बसायच्या आधी म्हणाला, "नाना, पोरीचा सत्कार झाला पाहिजे. फ्लेक्स लावू चौकात. स्कूटीसोबत फोटो घेऊ."

"स्कूटी अजून यायची हाय."

"येणारच ना? मग फोटोला कशाला थांबायचं?"

यात चूक काय आहे हे कुणालाच दिसलं नाही. उपकेंद्रातल्या सुवर्णा सिस्टरांकडे स्कूटी होती, ती तासाभरासाठी मागून आणली. "लवकर द्या हं, दुपारी लसीकरण आहे," असं बजावून त्यांनी चावी दिली. आता फोटो म्हटल्यावर हार आला, आणि हार म्हटल्यावर सावळीराम मागे राहणार नव्हते. दुसऱ्याच्या लग्नात पाच फुलांचे हार बघून ते नाक मुरडत. स्वतःच्या पोरीच्या गाडीला त्यांनी चार किलो झेंडूचा हार केला. त्या हारात स्कूटीचा दिवा बुडाला, नंबर प्लेट बुडाली, पुढचं चाकही अर्धं दिसेनासं झालं. रूपालीच्या आईने, रंगूबाईंनी, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि भिकनने रूपालीच्या हातात चावी ठेवत कॅमेऱ्याकडे पाहिलं.

फ्लेक्स चौकात लागला. दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. गावोगावच्या बातम्यांच्या पानावर, फोटोसहित: 'कु. रूपाली विधाते हिला केतकीबन कंपनीची स्कूटी युवा नेते भिकन यांच्या शुभहस्ते प्रदान.'

"प्रदान कुठं झाली अजून?" रूपालीने विचारलं.

"बातमीत असंच लिहितात," भिकन म्हणाला. "होणार हाय, असं लिहिलं तर कोण छापतं?"

पुढचा सल्लाही त्याचाच. कंपनीला आभाराचं पत्र पाठवायचं, सोबत बातमीचं कात्रण आणि फोटो. आधीच आभार मानले की माणूस लाजतो आणि माल लवकर धाडतो, असा त्याचा अनुभव होता. सावळीरामांना ते पटलं. पत्र रजिस्टरने गेलं आणि पोचपावतीही आली. रंगूबाईंनी ती देवघरात ठेवली.

तीस दिवस झाले. चाळीस झाले. घरासमोर एखादा टेम्पो थांबला की रूपाली बाहेर यायची, आणि टेम्पोवाला त्र्यंबकचा नाहीतर पेठचा रस्ता विचारून पुढे जायचा. कंपनीच्या नंबरवर फोन केला की आरती ऐकू यायची. संपूर्ण आरती, कडव्यांसह, आणि मग फोन बंद. रंगूबाई दोनदा ऐकून म्हणाल्या, "चाल बरी हाय यांची."

जूनमध्ये कॉलेजात नाव घातलं. फी भरली. पण जायचं नाही, गाडी आल्यावर जायचं. चौकात लोक विचारू लागले, "नाना, गाडी दिसत नाय. विकली का गपचूप?" सावळीराम हसून सोडून द्यायचे, पण त्यांना ते लागायचं. रूपालीला लोकांचं काही वाटत नव्हतं. मैत्रिणी सकाळच्या बसने कॉलेजला जात आणि ती त्याच वेळी फुलं खुडायला जात असे, याचं तिला फार वाईट वाटायचं.

शेवटी तीच वाल्मीक आप्पांकडे गेली. आप्पा कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे, कारण अर्ज लिहिल्याशिवाय त्यांना दिवस गेल्यासारखा वाटत नसे. त्यांनी ईमेलचा कागद दोनदा वाचला आणि त्यांचे डोळे चमकले.

"बक्षीस जाहीर करायचं आणि द्यायचं नाही? ही अनुचित व्यापारी प्रथा झाली. ग्राहक मंचात जायचं. वकील लागत नाही. तुला अठरा पूर्ण झालीत ना?"

"मेमध्येच."

"मग तक्रारदार तूच. तारखेला तुलाच हजर राहावं लागेल."

तक्रार मोठी झकास झाली. स्कूटी द्यावी, मनस्तापाबद्दल भरपाई द्यावी, हे तर होतंच. शिवाय आप्पांनी भर घातली की, वाहनाअभावी तक्रारदारास कॉलेजला जाता येत नाही, सबब शैक्षणिक नुकसानीचीही भरपाई द्यावी. सावळीरामांना हे कलम फार आवडलं. आपलीच अट अशी कायद्याच्या भाषेत वाचून त्यांना ती आणखीच खरी वाटली.

तक्रार दाखल करायला ते स्वतः रूपालीबरोबर नाशिकला, सीबीएस बसस्थानकाजवळ गेले. मंचाचं ऑफिस, शिपाई, बाक, सगळं त्यांनी तिला दाखवलं, जणू ते स्वतः तिथे दर आठवड्याला येत. पण पहिली तारीख लागली श्रावणात. तीन दिवसांवर सोमवार, त्र्यंबकची गर्दी, फुलाला मागणी. "मी नाय येऊ शकत," सावळीराम म्हणाले. "भिकन येईल सोबत."

त्या तारखेला कंपनीचे वकील आले. रंगाने गोरे, हसतमुख, बोलायला गोड. त्यांचा पहिला मुद्दा असा की, स्पर्धा मोफत होती, म्हणून तक्रारदार ही ग्राहकच नव्हे.

"नंबर पुड्याच्या आत होता," रूपाली म्हणाली. "पुडा विकत घेतल्याशिवाय कसा दिसणार?"

"पुडा आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

पुडा होता. रंगूबाई त्यात फुलवाती ठेवत. रूपालीने तो पिशवीतून काढला, तशा चार-पाच वाती अध्यक्षबाईंच्या टेबलावर पडल्या. बाईंनी पुड्यात डोकावून नंबर वाचला, ईमेलवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि वाती परत केल्या. पहिला मुद्दा निकालात निघाला.

वकील जराही हिरमुसले नाहीत. त्यांनी दुसरा कागद काढला. "मॅडम, मुळात बक्षीस यांना मिळालेलं आहे. हे वर्तमानपत्र. हा फोटो. आणि हे तक्रारदाराच्या वडिलांचं आभाराचं पत्र, रजिस्टर पोस्टाने आलेलं. 'आपण दिलेल्या स्कूटीबद्दल आम्ही आपले आजन्म ऋणी आहोत.'"

बाकावरून भिकन पुढे सरकला. इतक्या मोठ्या जागी, इतक्या मोठ्या माणसाच्या हातात आपला फोटो पाहून त्याला राहवलं नाही. "मीच तो, मॅडम," तो म्हणाला.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीच भिकन? तुमच्या हस्ते चावी दिली?"

रूपालीने त्याची बाही ओढली. पण सोसायटीचे दोन मतदार त्याच दिवशी कशाला तरी तिथे आलेले आणि दारात उभे होते.

"दिली मॅडम," भिकन म्हणाला. "याच हातानं."

तारीख पडली.

परतीच्या बसमध्ये भिकन म्हणाला, "खोटं कुठं बोललो? चावी मीच दिली ना?" वाल्मीक आप्पांनी मात्र त्याला समोर बसवून सांगितलं की, आता एकच इलाज. प्रतिज्ञापत्र करायचं. फोटोतली गाडी मागून आणलेली होती, प्रदान वगैरे काही झालं नाही, असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं.

"म्हंजे मी पेपरात खोटं छापून आणलं असं लिहून देऊ? निवडणुकीच्या तोंडावर?"

"खरं तेच लिहायचं."

"निवडणूक झाल्यावर कितीबी खरं लिहून देतो," भिकन म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो तारखेच्या आदल्या दिवशी आजारी पडू लागला.

पुढची तारीख गणपतीच्या आदल्या दिवशी होती. मळ्यात उभं राहायला वेळ नव्हता. सावळीरामांनी खुडलेल्या फुलांचा ढीग पाहिला, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता तुला सगळं माहीत झालंय. सात वाजताच्या बसनं जा, पाचच्या बसनं ये. आणि हे बघ, जातेच आहेस तर तिथंच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बियाण्याचं पार्सल आलंय, तेवढं घेऊन ये."

ती गेली. मंचातलं काम अकराला आटोपलं, कारण कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. पार्सल घ्यायला अर्धा तास लागला. बस पाचला. रूपाली पार्सल काखेत घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, कॉलेज इथून किती लांब आहे? पंधरा मिनिटं. ओळखपत्र तर होतंच पर्समध्ये. ती जाऊन मागच्या बाकावर बसली. अर्थशास्त्राचा तास चालू होता. सरांनी पार्सलकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय?"

"झेंडूचं बी."

"पुस्तक आणत जा," सर म्हणाले. त्यांना तिचं तोंड ओळखीचं वाटलं नाही, पण ते वर्गातल्या निम्म्या मुलांबद्दल तसंच होतं.

तेव्हापासून ग्राहक मंचात एक चमत्कारिक तक्रारदार दिसू लागली. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली की बाकीचे तक्रारदार संतापत, हात जोडत, रडत. ही मात्र "माझी हरकत नाही," म्हणायची आणि पिशवी उचलून झपाझप चालू लागायची. एकदा तर वकिलांनी मुदत मागितलीच नाही, तेव्हा तीच म्हणाली, "साहेबांना कागद जमवायला वेळ पाहिजे असेल तर माझं काही नाही." वकील चरकले. त्यांना वाटलं, हिच्याकडे काहीतरी जबरदस्त पुरावा आहे आणि ही आपल्याला खेळवते आहे.

घटस्थापनेची तारीख झाली. दसऱ्याच्या तोंडावरची झाली. दर वेळी सावळीराम फुलांत बुडालेले, आणि दर वेळी कामांची यादी वाढलेली. स्प्रेपंपाचा वॉशर, रंगूबाईंच्या चष्म्याची काडी, मेहुण्याच्या घरची पत्रिका पोचवणं. "जातेच आहेस तर" या तीन शब्दांनी यादी सुरू व्हायची. गाडी नसल्यामुळे नाशिकला जाऊ न शकणारी पोरगी घरातली नाशिकची सगळी कामं करू लागली, आणि यात काही विसंगत आहे असं सावळीरामांच्या ध्यानातही आलं नाही. रूपालीनेही ते ध्यानात आणून दिलं नाही. तिला भीती वाटायची की नाना एकदा विचारात पडले तर कामंही बंद होतील आणि तासही.

दसऱ्याच्या तारखेला सुवर्णा सिस्टर गाडीचे कागद घेऊन आल्या. वकिलांनी कागद बाजूला सारले. "गाडी यांची असेल, मॅडम. पण फोटोतली गाडी हीच कशावरून? नंबर दिसतो कुठे? नंबर झाकलाय." हे खरं होतं. चार किलोच्या हारापुढे मंचाचं काही चालेना. त्या वेळी सिस्टरांच्या स्कूटीवर मागे बसून आलेले वाल्मीक आप्पा बाकावरून सावळीरामांना मनातल्या मनात काय काय म्हणाले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

फोटो हातोहात फिरू लागला. मंचाच्या सदस्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी भिंग काढलं.

"हाराच्या बाजूला हे पिवळं काय आहे?"

"स्टिकर आहे सर," सुवर्णा सिस्टर म्हणाल्या. "पल्स पोलिओचा. आम्ही सगळ्यांनी गाड्यांना लावले होते."

"तारीखही दिसते. जानेवारी." सदस्यांनी भिंग वकिलांकडे दिलं. "वकीलसाहेब, तुमची कंपनी मेमध्ये नवी कोरी गाडी देते, तर तिच्यावर जानेवारीतल्या पोलिओचा स्टिकर कसा?"

वकिलांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "कंपनीला सामाजिक कार्याची आवड आहे," ते म्हणाले. मंचात कुणीतरी हसलं. सिस्टर बाहेर गेल्या, खाली उभी केलेली आपली स्कूटी शिपायाला दाखवली आणि तो येऊन म्हणाला, "तसाच स्टिकर आहे मॅडम, कोपरा फाटलेला." फोटोतही कोपरा फाटलेला होता.

केस जिंकल्यासारखीच झाली. आता फक्त शेवटचा युक्तिवाद. वाल्मीक आप्पा खुशीत होते, रूपाली नव्हती. इकडे कॉलेजातून पत्र आलं होतं: हजेरी फारच कमी आहे, डिसेंबरपासून नियमित न आल्यास नाव कमी करण्यात येईल. सावळीरामांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "मंग बाहेरून परीक्षा दे. गाडी आल्यावर पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ रूपालीला माहीत होता. मामाने दोन स्थळं आधीच आणून ठेवली होती.

तुळशीचं लग्न उरकल्यावर युक्तिवादाची तारीख आली, आणि त्या दिवशी कुठलाही सण नव्हता. सावळीराम धुतलेली टोपी घालून स्वतः आले. जिंकताना बघायला कुणाला आवडणार नाही? भिकन आला नाही. निवडणूक झाली होती, तो नऊ मतांनी पडला होता आणि आता खरोखरच आजारी होता.

कंपनीच्या वकिलांनी स्कूटीबद्दल फारसं ताणलं नाही. ते शैक्षणिक नुकसानीकडे वळले. "मॅडम, तक्रारदार म्हणते, गाडी नाही म्हणून कॉलेजला जाता येत नाही. कॉलेज इथून पंधरा मिनिटांवर. आता मंचाचाच रोजनामा बघा. श्रावणातली तारीख: तक्रारदार स्वतः हजर. गणपतीच्या आदल्या दिवशी: तक्रारदार स्वतः हजर. घटस्थापना, दसरा, दिवाळी, सगळीकडे तक्रारदार स्वतः हजर. मी तीनदा उशिरा आलो, ही एकदाही नाही. कशाने आली? बसने. कोणासोबत? पहिली तारीख सोडली तर एकटी. मॅडम, जी मुलगी दसऱ्याच्या गर्दीत मंचात येऊ शकते, ती कॉलेजात का जाऊ शकत नाही?"

सावळीराम उभे राहिले. "ते येगळं, साहेब! तारखेला यावंच लागतं."

"तुम्ही कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाप."

"तुम्ही दिसला नाहीत कधी इथे."

"फुलांचा धंदा हाय मॅडम. सणाला कसं येणार?"

"मग मुलीला एकटीला पाठवलंत?"

"तिला सगळं माहीत झालंय," सावळीराम अभिमानाने म्हणाले. "मंचच नाय, द्वारका, रविवार कारंजा, कुठंबी सोडा. लय हुशार हाय पोरगी."

वाल्मीक आप्पांनी कपाळाला हात लावला. वकिलांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. अर्थात तो आणायला रूपाली एकटीच गेली. संध्याकाळी विधात्यांच्या ओट्यावर सगळे जमले, आणि वाल्मीक आप्पांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कंपनीने अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब केला आहे. कंपनीने तीस दिवसांत तक्रारदारास नवी स्कूटी द्यावी. मनस्ताप आणि खर्चाबद्दल रक्कम द्यावी. रंगूबाईंनी लगेच गूळ आणला. सावळीराम म्हणाले, "बघा! आता विचारा म्हणावं चौकातल्यांना."

"थांबा, अजून आहे," आप्पा म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "परिच्छेद सात. 'तक्रारदार ही सुमारे चार महिने, सणासुदीच्या गर्दीतही, पहिली तारीख वगळता प्रत्येक तारखेस एकटी, बसने व वेळेवर हजर राहिली. तिच्या वडिलांनीही ती एकटी शहरात कोठेही जाऊ-येऊ शकते, असे मंचासमोर सांगितले आहे. सबब, वाहन नसल्यामुळे तिला कॉलेजला जाता येत नाही हे म्हणणे सिद्ध होत नाही. शैक्षणिक नुकसानभरपाईची मागणी नामंजूर.'"

सावळीरामांच्या हातात गुळाचा खडा तसाच राहिला.

"हे चूक हाय," ते म्हणाले.

"कुठलं चूक हाय?" रंगूबाईंनी विचारलं. एवढे महिने त्या या प्रकरणात वातींपलीकडे काही बोलल्या नव्हत्या. "एकटी जात नव्हती? बसनं जात नव्हती? येळेवर येत नव्हती?"

"तसं नाय. पण रोज एकटी पोरगी कशी..." सावळीराम बोलता बोलता थांबले. समोर वाल्मीक आप्पांच्या हातात कागद होता, त्यावर गोल शिक्का होता आणि खाली तीन सह्या. सावळीरामांनी आयुष्यात तलाठ्याशी वाद घातला होता, आडत्याशी घातला होता, एकदा तहसीलदाराशीही घातला होता. पण शिक्का बसलेल्या कागदाशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता. त्यांनी कागद मागून घेतला, परिच्छेद सात बोटाने शोधला आणि ओठ हलवत सावकाश पुन्हा वाचला.

"आणि कंपनी अपिलात जाणार म्हणते," आप्पा हळूच म्हणाले. "वकील भेटले होते हिला. म्हणजे गाडीला आता वर्षभर तरी लागेल."

रूपालीने मान खाली घातली. एवढा वेळ तिने धीर धरला होता, आता तिचे डोळे भरून आले. तारखा संपल्या होत्या. उद्यापासून नाशिकला जायला काही कारण उरलं नव्हतं.

सावळीरामांनी ते पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी घसा खाकरला.

"कॉलेजचा तास कितीला असतो?"

"साडेसातला," रूपाली म्हणाली आणि जीभ चावली.

"तुला कसं माहीत?"

रंगूबाई उठून आत गेल्या, आणि आतून म्हणाल्या, "दर तारखेला आठ-आठ तास काय बाकावर बसून राहत होती व्हय ती? तेवढं मला कळत होतं."

सावळीरामांनी आत बायकोच्या दिशेने पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि वाल्मीक आप्पांकडे पाहिलं. तिघांपैकी कुणीही त्यांच्या बाजूचं दिसत नव्हतं. "मंग सातची बस उशिरा पडंल," ते म्हणाले. "सव्वासहाची एक येते पेठकडून. तिनं जा उद्यापासून. आणि पास काढून घे महिन्याचा."

रूपाली त्यांच्या पायाशी वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हातातला गूळ तिलाच दिला, कारण आपल्याला तो आता गिळवणार नाही असं त्यांना वाटलं.

वाल्मीक आप्पांना मात्र हार सहन होईना. इतक्या सुंदर लिहिलेल्या कलमाची अशी वाट लागावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते पिशवीतून कोरा कागद काढत म्हणाले, "तू काळजी करू नकोस रूपाली. परिच्छेद सातच्या विरोधात आपणही अपील करू. वाहनाशिवाय तुला कॉलेजला जाताच येत नाही, हे मी राज्य आयोगात सिद्ध करून दाखवतो."

रूपालीने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि घडी घालून परत पिशवीत ठेवला.

"नको आप्पा," ती म्हणाली. "तेवढा मुद्दा आपण हरलेलाच बरा."